निवडणारा कोण?



विज्ञानाच्या इतिहासावर बोलायला एखादे प्राध्यापक उभे राहतील, अशी आपली अपेक्षा असणार. मी प्राध्यापक नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली, मी लेथवर उभा राहिलो, पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो आणि आजतागायत त्याच कामात आहे. तेव्हा हा विषय मी का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात चाळीस माणसांच्या छाटणीवरून बोलणी चालली होती. मॅनेजर शिकलेले होते, बोलण्यात सभ्य होते. आमचे पत्र त्यांनी शांतपणे वाचले, बाजूला सारले आणि म्हणाले, "यात माझ्या मनाचे काही नाही. डार्विननेच सांगून ठेवले आहे. लायक असतो तो टिकतो, नालायक असतो तो जातो. हा निसर्गाचा कायदा आहे." टेबलाच्या अलीकडे आम्ही पाच जण होतो. कामगार कायद्याची कलमे आम्हाला तोंडपाठ होती. पण या कायद्याला एकापाशीही उत्तर नव्हते. बाहेर आल्यावर आमच्यातले एक वयस्क फिटर, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, त्यांनी मला विचारले, "काय रे, हा डार्विन मालकाच्या बाजूचा का?"

त्या एका प्रश्नाने मला नगर वाचनालयाची पायरी चढायला लावली. आज जे सांगणार आहे ते म्हणजे आबांना द्यायचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रथम हा विचार जन्मला कसा, ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील बहुसंख्य विद्वानांचे मत असे होते की, प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जाती जशा निर्माण झाल्या तशाच आहेत. जाती बदलतात असे म्हणणारे लोक नव्हते असे नाही. फ्रान्समध्ये लामार्कने १८०९ साली तसे लिहिले होते. परंतु बदल कशामुळे होतो, हे पटेल अशा रीतीने कोणी सांगितले नव्हते. ते कोडे दोन इंग्रजांनी, एकमेकांच्या नकळत, सोडवले.

त्यांपैकी एक चार्ल्स डार्विन. त्यांचा जन्मही १८०९ मधला. वडील श्रीमंत डॉक्टर, आईचे वडील जोसाया वेजवुड हे नामांकित चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार. पोटासाठी नोकरी करण्याची पाळी डार्विनवर जन्मात आली नाही. १८३१ च्या डिसेंबरात ते 'बीगल' जहाजावर चढले आणि १८३६ च्या ऑक्टोबरात परत आले. वाटेत १८३५ साली गालापागोस बेटांवर त्यांनी सुमारे पाच आठवडे काढले. तिथले मॉकिंगबर्ड नावाचे पक्षी बेटाबेटागणिक थोडे थोडे निराळे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. पक्षी एकाच घराण्यातले, मग प्रत्येक बेटावर घडण वेगळी का? हा प्रश्न त्यांनी घरी आणला आणि वीस वर्षे उराशी बाळगला. त्यासाठी त्यांनी कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत जाऊन बसले. जहाजांच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या कवचधारी जीवांचा तर आठ वर्षे अभ्यास केला.

दुसरे आल्फ्रेड रसेल वॉलेस. जन्म १८२३, वेल्समधील अस्क या गावी. घरची स्थिती खालावली आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. काही महिने लंडनला सुताराच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या भावाजवळ राहिले. त्या दिवसांत संध्याकाळी रॉबर्ट ओवेनच्या अनुयायांच्या सभागृहात जाऊन कामगारांची भाषणे ऐकत. पुढे थोरल्या भावाबरोबर साखळी ओढीत जमीनमोजणीचे काम केले. त्या काळी इंग्लंडात गावोगाव 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' नावाच्या संस्था होत्या; दिवसभर राबणाऱ्या कारागिराला रात्री पुस्तक आणि व्याख्यान मिळावे, हा त्यांचा हेतू. वॉलेसचे शिक्षण बहुतांशी अशा ठिकाणी झाले. लेस्टर गावी त्यांना हेन्री बेट्स हा मित्र भेटला. तो मोज्यांच्या धंद्यात उमेदवार होता, दिवसाचे तेरा तास काम करी आणि उरल्या वेळात किडे गोळा करी. १८४८ साली हे दोघे तरुण ब्राझीलला निघाले. पैसा कुठून? तर किडे, फुलपाखरे आणि पक्षी पकडून लंडनच्या एजंटामार्फत विकायचे आणि त्यावर पोट भरायचे.

चार वर्षांनी, १८५२ मध्ये, वॉलेस परत निघाले तो भर समुद्रात जहाजाने पेट घेतला. गोळा केलेला बहुतेक सारा माल डोळ्यांदेखत जळाला. दहा दिवस ते उघड्या होडीत होते. दुसरा कोणी असता तर समुद्राचे नाव काढता ना. हा गृहस्थ दोन वर्षांत पुन्हा निघाला, या खेपेला मलाया द्वीपसमूहाकडे. तिथे आठ वर्षांत त्यांनी १,२५,६६० नमुने जमवले. या कामात सारावाकचा अली नावाचा मलायी तरुण त्यांच्या सोबतीला होता. मोठ्यांच्या चरित्रात असली नावे तळटीपेत जातात, म्हणून ते इथे मुद्दाम घेतो.

आता कथेत तिसरा माणूस येतो. टॉमस माल्थस हे पाद्री. लोकसंख्या गुणाकाराने वाढते, अन्न तेवढ्या वेगाने वाढत नाही, म्हणून उपासमार आणि रोगराई अटळ आहे, असे त्यांनी १७९८ साली लिहिले. गरिबांना सरकारी मदत देऊ नये, असा निष्कर्षही त्यातून काढला. हेच माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत, आणि कंपनीचे मुलकी अधिकारी तिथे तयार होऊन हिंदुस्थानात येत. माणूस आमच्या मित्रांपैकी नव्हे, हे उघड आहे. पण त्यांचे पुस्तक डार्विनने १८३८ साली वाचले आणि वॉलेसने लेस्टरच्या वाचनालयात वाचले. दोघांनीही त्यातला गरिबांचा भाग बाजूला ठेवून एकच प्रश्न उचलला: इतके जीव जन्मतात आणि इतके मरतात, तर जगतात ते कोण?

१८५८ च्या फेब्रुवारीत, लवंगेचे माहेर असलेल्या मोलुक्का बेटांत, वॉलेस थंडीतापाने अंथरुणावर पडले होते. त्या ग्लानीत त्यांना माल्थस आठवले आणि कोडे सुटले. ताप उतरताच त्यांनी निबंध लिहून काढला आणि डार्विनकडे पाठवला. जूनमध्ये तो पोचला तेव्हा डार्विन हादरले. आपण १८४४ मध्ये लिहून कपाटात ठेवलेला विचारच समोर होता! शेवटी लायेल आणि हूकर या मित्रांनी तोड काढली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. लेखकांपैकी तिथे कोणीच नव्हते. डार्विनचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी दगावले होते आणि वॉलेस हजारो मैल दूर होते. त्या वर्षाचा आढावा घेताना सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितले की, मोठा म्हणावा असा शोध काही या वर्षी लागला नाही! पुढच्या वर्षी, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, डार्विनचा 'जातींचा उगम' हा ग्रंथ बाहेर पडला आणि अध्यक्षांचे म्हणणे किती खरे होते ते जगाला कळले.

वॉलेसची संमती न घेता हे सारे झाले, हे मला युनियनचा माणूस म्हणून खटकते. पण खुद्द वॉलेस यांना ते कधी खटकले नाही. वीस वर्षांचा पुरावा डार्विनपाशी आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मानले. पुढे १८८९ साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'डार्विनवाद' ठेवले. उलट वॉलेस पैशाच्या ओढीत सापडले तेव्हा डार्विनने खटपट करून १८८१ मध्ये त्यांना वर्षाला दोनशे पौंडांचे सरकारी पेन्शन मिळवून दिले. दोन माणसांनी श्रेयाचा प्रश्न भांडणाशिवाय मिटवला. असे माझ्या धंद्यात फार क्वचित घडते.

आता तत्त्व पाहू. ते चार साध्या गोष्टींवर उभे आहे.

पहिली: एकाच आईबापांची पोरे सारखी नसतात. दुसरी: हे फरक, सगळे नव्हे पण पुष्कळसे, पुढच्या पिढीत उतरतात. तिसरी: जन्मणाऱ्या सगळ्यांना पुरेल एवढे अन्न आणि जागा नसते. डार्विनने मुद्दाम सर्वांत सावकाश वाढणारा हत्ती घेतला आणि हिशेब केला: एका जोडीची सगळी पिल्ले जगत गेली, तर सुमारे ७५० वर्षांत जवळजवळ १ कोटी ९० लाख हत्ती होतील. पृथ्वीवर तेवढे हत्ती नाहीत, त्या अर्थी बहुतेक पिल्ले वाढण्याआधी मरत असली पाहिजेत. चौथी: ज्यांच्या अंगचा फरक त्या ठिकाणी, त्या काळी थोडा उपयोगी पडतो, त्यांची पोरे थोडी जास्त मागे राहतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालले की जातीची घडण बदलते. एकेकटा जीव बदलत नाही. समूहातील प्रमाण बदलते.

याला डार्विनने 'नैसर्गिक निवड' असे नाव दिले. शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसे निवडून आढ्याला टांगतो, कबुतरबाज आवडीची जोडी निवडतो. तसे निसर्गात घडते, असा दाखला त्यांना द्यायचा होता. पण या शब्दात एक काटा आहे. आपल्या घरातली बाई तांदूळ निवडते तेव्हा चांगले कोणते आणि खडा कोणता, हे तिच्या मनात ठरलेले असते. निसर्गापाशी असे मन नाही. निसर्गाची निवड ही चाळणीची निवड आहे. चाळणी भोकापेक्षा बारीक ते खाली सोडते. बारीक ते चांगले, असे तिचे मत नसते. चाळणी बदला, वर राहणारे आणि खाली पडणारे बदलतील.

याचे सर्वांत चांगले उदाहरण गिरणगावातलेच आहे. मात्र ते गिरणगाव मँचेस्टर. तिथे झाडांच्या खोडांवर बसणारा एक पतंग आहे. अंग पांढुरके, त्यावर मिऱ्याच्या पुडीसारखे ठिपके. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाचे भाऊबंद झाडांच्या सालीवर वाढतात. त्यांवर हा पतंग बसला की पक्ष्यांना दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरात या जातीचा एक काळा पतंग सापडल्याची नोंद झाली. गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले, साल काजळली. आता पांढरा पतंग उठून दिसू लागला आणि काळा लपू लागला. १८९५ पर्यंत तिथले शेकडा ९८ पतंग काळे झाले होते. यावरून १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी गणित मांडले की, काळ्या पतंगांची संतती पांढऱ्यांच्या निदान दीडपट टिकत असली पाहिजे. हे हॉल्डेन कामगारांच्या वर्तमानपत्रात विज्ञानावर लेख लिहीत. १९५७ साली ते हिंदुस्थानात राहायला आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. १९५६ साली ब्रिटनमध्ये धुरावर निर्बंध घालणारा कायदा झाला. हवा निवळली, साल उजळली आणि काळे पतंग कमी होत होत दुर्मिळ झाले. पक्षीच हे करतात की नाही, याबद्दल शंका निघाली, तेव्हा मायकेल मजेरस यांनी केंब्रिजला २००१ पासून सहा वर्षे ४,८६४ पतंगांवर प्रयोग केला आणि शंका फिटली.

आता सांगा, लायक पतंग कोणता? १८९५ साली काळा, आज पांढरा. पतंगाने मध्यंतरी काही पाप केले नाही की पुण्य केले नाही. धूर आला आणि गेला. म्हणजे लायकी एकट्या पतंगात नव्हती. ती पतंग आणि झाडाची साल यांच्या नात्यात होती. आणि ध्यानात घ्या, साल काळी करणारा धूर माणसाने सोडला होता आणि तो थांबवणारा कायदाही माणसानेच केला.

मॅनेजरसाहेबांच्या त्या वाक्याचा उगमही पाहण्याजोगा आहे. 'लायक असेल तो टिकेल' हा शब्दप्रयोग डार्विनचा नव्हे. तो हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली वापरला. डार्विनच्या ग्रंथात तो शिरला १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत, आणि तो घ्यावा असा आग्रह १८६६ मध्ये धरला होता खुद्द वॉलेस यांनी! त्यांचे म्हणणे असे की, 'निवड' म्हटले की लोक निवडणारा शोधू लागतात. तेव्हा निवडणाऱ्याचा भास न होणारा शब्द बरा. हेतू निर्मळ होता. पण एक काटा काढायला गेले आणि दुसरा रुतला. 'लायक' म्हणजे त्या परिस्थितीला जुळणारा, एवढाच अर्थ होता. धनवंतांनी तो 'श्रेष्ठ' असा केला. अमेरिकेतील पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ साली याच शब्दांच्या आधारे स्पर्धेचा कायदा मानवजातीच्या हिताचा ठरवला. तीनच वर्षांनी त्यांच्या होमस्टेड येथील कारखान्यात कामगार आणि कंपनीने आणलेले बंदूकधारी यांची लढाई होऊन दोन्हीकडची माणसे मेली. वॉलेस मात्र १८९० च्या सुमारास उघडपणे स्वतःला समाजवादी म्हणवू लागले. ज्यांच्या सल्ल्याने तो शब्द ग्रंथात आला, ते आमच्या बाकावर बसणारे निघाले.

याच्या उलट टोकाला क्रोपोत्किन. त्यांनी तरुणपणी सैबेरियात पाहिले की, कडाक्याच्या थंडीत परस्परांना धरून राहणारे प्राणी टिकतात. १९०२ साली त्यांनी 'परस्पर साहाय्य' हे पुस्तक लिहिले. ज्या टोळीतली माणसे एकमेकांच्या मदतीला धावतात ती टोळी वरचढ ठरते, असे डार्विननेही १८७१ मध्ये लिहिले होतेच. युनियनच्या माणसाला हे वाचून गुदगुल्या होतात. मलाही झाल्या. पण मुंग्या एकजुटीने राहतात म्हणून आमचा संप न्याय्य, असे मी म्हणालो, तर मी मॅनेजरसाहेबांचीच चूक उलट्या बाजूने करीन. निसर्गात काय घडते हे विज्ञान सांगते. माणसाने काय करावे हे माणसांनी बसून ठरवायचे असते. दगड खाली पडतो हा नियम आहे. म्हणून कोणी कोणाला माडीवरून ढकलावे, असे त्यातून निघत नाही. ती छाटणी निसर्गाने केली नव्हती. कागदावर नावे लिहिणारा हात होता, आणि त्या हाताला जाब विचारता येत होता. निसर्गात निवडणारा नाही हे खरे. पण कारखान्यात असतो.

मग हे तत्त्व आपल्या काय कामाचे, असे कोणी विचारील. एक अनुभव सांगतो. आमच्या एका सोबत्याला क्षयाची बाधा झाली. दोन महिने गोळ्या घेतल्या, खोकला थांबला, वजन वाढले. त्याने गोळ्या सोडल्या. वर्षभरात रोग उलटला आणि या वेळी पहिली औषधे चालेनात. तो म्हणे, माझ्या अंगाला औषधाची सवय झाली. तसे नव्हते. कोट्यवधी जंतूंत थोडे जंतू मुळातच औषधाला दाद न देणारे असतात. अर्धवट उपचारात बाकीचे मेले, हे उरले, आणि त्यांचीच प्रजा वाढली. चार गोष्टी त्याच: फरक, वारसा, मरण आणि उरलेल्यांची वाढ. डी.डी.टी.चे तेच झाले. १९५३ पासून देशभर त्याची फवारणी झाली, हिवताप ओसरला. पण त्याला न जुमानणारे डास उरले आणि वाढले. १९७६ पर्यंत हिवतापाचे रुग्ण वर्षाला साठ लाखांवर गेले, त्याच्या कारणांपैकी हे एक. तेव्हापासून क्षयाचा रोगी कळला की मी त्याला आधी डार्विन सांगतो आणि मग गोळ्या मोजतो.

शेवटी एकच सांगायचे आहे. १८६२ साली लंडनमध्ये टॉमस हक्स्ली यांनी खास कामगारांसाठी या विषयावर सहा व्याख्याने दिली. ती लघुलिपीत उतरवून छोट्या पुस्तिकांच्या रूपाने विकली गेली. ग्रंथ निघून तीन वर्षे झाली नव्हती तोच तो कामगारांपर्यंत नेला गेला. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ सालची. ज्ञान चार भिंतींबाहेर आणावे, हीच दोहोंमागची दृष्टी. आणि २०२३ साली आपल्या देशात काय घडले? एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला. पुढे अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेणाऱ्याला तो शिकता येईल, असे सांगण्यात आले. अठराशेच्या वर शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. मला मात्र दहावीनंतर ज्यांची शाळा सुटते त्या मुलांची आठवण झाली. मी त्यांच्यातलाच एक. उद्या त्यांच्यासमोर एखादा सभ्य गृहस्थ बसेल, कागद बाजूला सारील आणि निसर्गाच्या कायद्याचा दाखला देईल. तेव्हा ती पोरे, आम्ही बसलो तशीच, गप्प बसतील.

आबा आज हयात नाहीत. त्यांना सांगायचे होते ते आपल्याला सांगितले: आबा, डार्विन मालकाच्या बाजूचा नव्हता आणि आपल्याही बाजूचा नव्हता. त्याने जे पाहिले ते खरेपणाने लिहिले. बाजू आपली आपण घ्यायची असते, आणि ती घेताना निसर्गाच्या नावाने खोटी साक्ष काढू द्यायची नसते.